लॅबच्या दारावर मराठीत कागद लावा
पुण्यात पाषाणच्या संशोधन संस्था असोत नाहीतर विद्यापीठ, लॅबमधली सेफ्टी डेटा शीट, म्हणजे केमिकलचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारं माहितीपत्रक, बऱ्याचदा इंग्रजीत, फाइलमध्ये पडून असते, आणि फरशी पुसणाऱ्या मावशींना किंवा एसीवाल्याला त्यातलं काहीच कळत नाही, धोका मात्र त्यांनाही तेवढाच. शीटमध्ये 16 भाग असतात, सगळे नकोत, चौथा म्हणजे प्रथमोपचार आणि सहावा म्हणजे सांडलं तर काय करायचं, एवढंच सोप्या मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावा. खाली आणीबाणीचा नंबर 112 आणि लॅब इनचार्जचा मोबाईल. ॲसिड डोळ्यात उडालं तर लगेच निदान 15 मिनिटं पाण्याने धुवायचं, हे तर हवंच. आणि प्लीज नुसता कागद लावून थांबू नका, मावशींना आयवॉशपाशी, म्हणजे डोळे धुवायच्या फवाऱ्यापाशी नेऊन तो त्यांच्याच हाताने चालू करून घ्या. नवीन केमिकल आलं की त्याच दिवशी कागद बदला.