५०२ आणि होम फोल्डरचं बंद दार

जुन्या उबुंटू २०.०४ (लिनक्सची एक आवृत्ती) वर बिनबोभाट चाललेलं जँगोचं (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) अ‍ॅप नव्या २२.०४ च्या सर्व्हरवर हलवलं आणि ब्राउझरमध्ये '५०२ बॅड गेटवे', म्हणजे वेब सर्व्हरला मागच्या अ‍ॅपकडून नीट उत्तर मिळत नाही. गनिकॉर्न (अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) चालू, एन्जिनएक्स (ब्राउझरच्या विनंत्या गनिकॉर्नकडे पोचवणारा वेब सर्व्हर) चालू, दोघांना जोडणारं सॉकेटही जागेवर. दोन तास कॉन्फिग चाळण्यात गेले. आधी एरर लॉग बघायला हवा होता, पण तेवढी अक्कल असती तर ही नोंद लिहावी लागली नसती. लॉगमध्ये स्वच्छ होतं: 'पर्मिशन डिनाइड', क्रमांक १३.

उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५५ (इतर युजरनाही आत शिरता येतं) ऐवजी ७५० (इतरांना दार बंद) परवानगीने तयार होतं. माझं सॉकेट होममध्येच, आणि एन्जिनएक्स चालतं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या युजरच्या नावाने. म्हणजे बिचारं दारातूनच परत जात होतं.

७५५ देऊन मोकळं होता आलं असतं, पण घर सताड उघडं टाकणं पटेना. सिस्टिमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणारी लिनक्सची यंत्रणा) सर्व्हिस फाइलमध्ये 'रनटाइम डिरेक्टरी'ची ओळ घातली, म्हणजे सर्व्हिस सुरू होताना 'रन' फोल्डरखाली तिचं स्वतःचं फोल्डर तयार होतं; गनिकॉर्न आणि एन्जिनएक्स दोन्हीकडे सॉकेटचा पत्ता तिथला दिला, डीमन रीलोड (सिस्टिमडीला बदललेली फाइल पुन्हा वाचायला लावणं), रीस्टार्ट.

पान आलं, पण उघडंबोडकं. सीएसएस (रंग-मांडणी ठरवणाऱ्या फाइल्स) गायब! स्टॅटिक फाइल्सही (सीएसएस, चित्रं वगैरे) होममध्येच होत्या ना. त्या 'व्हार' फोल्डरखाली नेऊन कलेक्टस्टॅटिक (या फाइल्स एका जागी गोळा करणारी जँगोची आज्ञा) पुन्हा चालवलं, एन्जिनएक्समधला त्यांचा पत्ताही बदलला, तेव्हा कुठे रंग दिसले.