शब्दकोड्यात ‘खाली जाणाऱ्या’ शब्दांचे क्लू कसे लिहावेत

चौकट आखणं, काळी घरं जुळवणं, आडवे-उभे आकडे टाकणं तुम्हाला येतंच, असं धरून चालू. (इंग्रजी कोड्यात वरून खाली येणाऱ्या शब्दाला ‘डाउन’ म्हणतात, आपण त्यालाच ‘उभा’ म्हणतो. मला आपलं जास्त आवडतं. इथले ‘खाली जाणारे’ मात्र अर्थाने खाली जाणारे शब्द, चौकटीत आडवे बसले तरी.) जोडाक्षराला एकच घर, म्हणून ‘पदच्युत’ चार घरांचा.

नामं सोपी आहेत. ओहोटी म्हणजे भरतीच्या उलट, अवरोह म्हणजे वरच्या ‘सा’पासून खालच्या ‘सा’पर्यंत, पदावनती म्हणजे बढतीची वैरीण. पाच मिनिटांत उरकतात.

घाम फोडतात ती क्रियापदं. उतरणे, ओसरणे, घसरणे, खालावणे, कोसळणे, ढासळणे: सगळी चार घरांची आणि अर्थाला सगळी ‘कमी होणे, खाली येणे’. ‘शब्दकोश उघडा आणि अर्थ टाका’ असं सांगणाऱ्याने स्वतः कधी कोडं केलेलं नसतं. तो अर्थ सहाही शब्दांना सारखाच बसतो, मग सोडवणाऱ्याने काय चिठ्ठ्या टाकायच्या?

मीही फसलोय. सोसायटीच्या गणपतीत माझं कोडं होतं, बक्षीस शेंगाचटणीचं पाकीट. एक क्लू होता: ‘कांद्याच्या भावाचं होतं ते (४)’. मला ‘उतरणे’ हवं होतं. आलेल्या कागदांवर ‘घसरणे’ होतं, ‘कोसळणे’ही होतं. मार्केट यार्डात कांद्याची आडत असलेले एक काका पेन रोखून म्हणाले, “भाव उतरत नाही ओ, कोसळतोय. मी रोज बघतोय की.” त्यांचं बरोबर होतं. पाकिटं तीन द्यावी लागली, दोन माझ्या खिशातून.

तेव्हापासून क्लूमध्ये ‘भाव’ घ्यायचाच नाही असं ठरवलं, कारण तो सगळ्या क्रियापदांशी सलगी करतो. सूजही तशीच, उतरतेही आणि ओसरतेही. आपल्या क्रियापदाशिवाय दुसऱ्याकडे फिरकत नाही असं नाम शोधायचं. जीभ घसरते, ती ओसरत नाही, खालावत नाही. गर्दी ओसरते. असं एकनिष्ठ नाम सापडलं नाही तर दोन नामं घ्या आणि दोघांनाही चालेल असं एकच क्रियापद उरतंय का ते बघा. ताप उतरतो, क्वचित ओसरतोही. चेहरा मात्र फक्त उतरतो. म्हणून: ‘तापाचं झालं तर बरं, चेहऱ्याचं झालं तर वाईट (४)’. तब्येत ढासळतेही, पाण्याची पातळी घसरतेही, पण दोन्हींचं होतं ते खालावणेच: ‘आजारपणात तब्येतीचं, मे महिन्यात उजनीच्या पातळीचं (४)’. उजनीचं उदाहरण सोलापुरात चुकत नाही. आपल्याकडे धरण रिकामं होत नाही, ‘मायनस’मध्ये जातं, ११७ टीएमसीतले (अब्ज घनफुटांतले) ६३ मृतसाठ्याचे, म्हणजे दारांच्या खाली उरणाऱ्या पाण्याचे, ती रेघ ओलांडली की पेपरात उणे टक्के सुरू. (मृतसाठा, चार घरं. वापरा.) ओसरणेसाठी माझा ठरलेला, आपल्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेवरचा, म्हणजे गड्ड्यावरचा: ‘गड्डा संपला की होम मैदानावर गर्दीचं होतं ते (४)’.

चौकटीतही एक खड्डा आहे. ओसरणे आणि घसरणे यांत फरक फक्त पहिल्या घराचा, उतरणेची शेवटची दोन घरंही त्यांच्यासारखीच. उभा शब्द ‘र’ किंवा ‘णे’वरून नेलात तर सोडवणाऱ्याला काडीची मदत झाली नाही. पहिल्या घरातून उभा शब्द गेलाच पाहिजे, मग त्यासाठी अख्खा कोपरा पुसावा लागला तरी चालेल.

उतरणे आणि उतरवणे यांची गल्लत करू नका. उतरवणे पाच घरांचं, आणि त्यात उतरवणारा कुणीतरी वेगळा असतो. ‘विम्याचं करतात, माजोरड्याच्या नक्ष्याचंही (५)’ असं लिहा, म्हणजे ‘करतात’वरूनच कळतं.

इतकं झालं की मजेचे शब्द घ्या. अवतार म्हणजे मुळात खाली उतरणं: ‘विष्णूने घेतला तर हात जोडतात, आपण केला तर आई ओरडते (४)’. आणि उतारा तर माझा लाडका: ‘तलाठ्याकडे मिळतो, पेपरात येतो, विषावरही चालतो (३)’. उतरंडीला मात्र या यादीत घुसू देऊ नका. ती नावाला उतरते, मडकी चढतात वरच.