रात्री पायांना चैन नाही? संध्याकाळी काय घेता ते आधी तपासा, आणि या चुका टाळा

खानदेशात या त्रासाला एक ठरलेलं नाव नाही. कुणाचे पाय शिवशिवतात, कुणाच्या पोटरीत किडे वळवळतात, कुणी नुसतंच म्हणतं, "रातले झोप नही भाऊ, पायस्ले चैन नही." मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य आलं की पाठोपाठ मागणीही येते. झोपेची गोळी द्या, दुखण्याची कॅप्सूल द्या, नाहीतर "काहीतरी स्ट्राँग द्या." पाय शांत व्हावेत म्हणून माणूस संध्याकाळी जे काही घेतो, त्यातलं बरंचसं रात्री पायांना आणखी पळवतं. गोळ्या विकणाऱ्याने हे सांगणं विचित्र वाटेल, पण सांगायला हवं.

डॉक्टर याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. इंग्लंडचे थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि स्वीडनचे कार्ल-एक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याला आजचं नाव दिलं. म्हणजे हे आजकालच्या मोबाईलचं खूळ नाही.

आधी आजार ओळखा

ओळखायच्या खुणा चार. पाय हलवावेसे वाटतात, राहवतच नाही. बसलं किंवा आडवं झालं की त्रास सुरू होतो. उठून चाललं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आणि संध्याकाळनंतर तो वाढतो. या चारही गोष्टी जुळल्या तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात दिवसभर राबून आलेल्याच्या पोटरीत गोळा येतो, तो वेगळा. तो हाताला दगडासारखा लागतो आणि दुखतो. शुगर असलेल्यांच्या तळपायाची आग दिवसाही होते आणि चालल्याने थांबत नाही. सारखी गल्लत होते ती या दोघांशी. मग महिनोन्‌महिने बाम चोळला जातो, कॅल्शियम खाल्लं जातं, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

"एक क्वार्टर मारली की झोप लागते"

लागते, खोटं नाही. पण दारू अंगातून उतरायला लागली की झोपेचा पुढचा भाग मोडतो. माणूस दोन-तीनला जागा होतो आणि पायांचा खेळ जोरात सुरू होतो. मग दुसऱ्या दिवशी थोडी जास्त घेतली जाते. मोहाची असो, देशी असो की इंग्लिश, यात फरक पडत नाही.

तंबाखूचं निराळं. रात्रीची लाईट असली की मोटार चालू करायला केळीच्या बागेत जायचं, जागं राहायला चहा आणि चिमूट. पहाटे घरी येऊन आडवं व्हायचं आणि मग पाय का नाचतात म्हणून विचारायचं. निकोटिन आणि चहातलं कॅफिन दोन्ही जागं ठेवणारी आहेत. रात्रपाळी आपल्या हातात नसते, कबूल. पण शेवटचा चहा आणि शेवटची चिमूट झोपण्याच्या वेळेपासून जितकी लांब ढकलता येईल तितकी ढकला. झोपण्याआधी मिसरी लावणाऱ्या आयाबायांनाही हेच लागू.

दुखण्याच्या कॅप्सूलचा फास

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातीचं दुखणं मारणारं औषध असलेली कॅप्सूल कंबरदुखीला कुणीतरी लिहून दिलेली असते. ती घेतली की पायही शांत होतात. हा भास नाही. अफूच्या जातीची औषधं या त्रासावर खरंच काम करतात, आणि दुसरं काही लागू पडत नाही अशा रुग्णांना तज्ज्ञ ती अगदी कमी मात्रेत, नजरेखाली देतातही. म्हणूनच फसगत होते. कंबर बरी होते, कॅप्सूल सुटत नाही. एक दिवस चुकली की पाय पूर्वीपेक्षा जोरात उसळतात, आणि माणसाला वाटतं, बघा, मला हिची गरजच आहे. ती गरज कॅप्सूलनेच तयार केलेली असते.

भारतात २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. चिठ्ठी नसताना दिली नाही म्हणून दुकानदारावर चिडू नका. आणि रोज घेत असाल तर एका झटक्यात बंदही करू नका. डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात.

व्यसन सोडलं आणि पाय सुरू झाले

घरच्यांनी हे नीट वाचावं. अफूजन्य औषधं सोडल्यावर पायांची तळमळ हा सुटण्याच्या त्रासाचाच भाग असतो. पहिला आठवडा-दहा दिवस जोर असतो, झोप त्याहून उशिरा जागेवर येते. दारू सोडल्यावरही काहींना हे होतं. रात्री दीडला ओसरीवर येरझाऱ्या घालणारा माणूस नाटक करत नसतो. या काळात "एवढं सोडलंस, आता पायाचं काय घेऊन बसलास?" असं म्हटलं की तो पुन्हा बाटलीकडे जातो. पायांसाठी पुन्हा प्यायला लागलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि घरच्यांना शेवटपर्यंत वाटत राहतं की त्याची इच्छाशक्तीच कमी.

रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी अचानक थांबवू नये, हे त्याहून महत्त्वाचं. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथला मानसोपचार विभाग गाठा. फोनवर विचारायचं असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

सर्दीची आणि उलटीची गोळी

या चुकीकडे कुणाचंच लक्ष नसतं. जळगावहून पुण्याला रात्रीची ट्रॅव्हल्स धरायची, घाटात उलटी होते म्हणून निघण्याआधी गोळी घ्यायची. तिच्यात बहुतेक वेळा प्रोमेथाझिन असतं. ते गुंगी आणतं आणि ज्याला हा त्रास आहे त्याचे पाय चेतवतं. वर सात-आठ तास जागेवर बसून राहायचं. डोळे मिटताहेत आणि पाय समोरच्या सीटला लाथा मारताहेत, अशी अवस्था होते. चहासाठी गाडी थांबली की सगळ्यात आधी खाली उतरून डांबरावर फेऱ्या मारणारा प्रवासी हाच.

सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, मळमळीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठीचं प्रोक्लोरपेराझिन ही याच पंगतीतली. नैराश्यावरच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही पायांचा त्रास वाढतो, उदाहरणार्थ मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन. व्यसनमुक्तीत झोपेसाठी यातलं एखादं औषध सुरू असू शकतं. ते मनाने बंद करू नका. "हे सुरू झाल्यापासून पायांचा त्रास वाढला" एवढं डॉक्टरांना सांगा, बहुतेक वेळा पर्याय असतो.

हिमोग्लोबिन बरोबर आहे, मग लोह कशाला?

कारण मेंदूला लागणारं लोह हिमोग्लोबिनच्या आकड्यात दिसत नाही. अंगात साठलेलं लोह दाखवणारी रक्ताची तपासणी, फेरिटिन, करून घ्या. लॅबच्या कागदावर ३० किंवा ४० 'नॉर्मल' छापलेलं असेल, पण या आजारात ७५ च्या खाली असलं तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायका, गरोदर बायका आणि डायलिसिसचे रुग्ण यांच्यात हा त्रास अधिक दिसतो.

दारू पिणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. लिव्हर सुजलेलं असलं की फेरिटिन फुगतं. आकडा चांगला दिसतो, लोह मात्र कमीच असतं. म्हणून रक्तात फिरणारं लोह किती ते दाखवणारी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनची तपासणीही सोबत करून घ्यावी.

आणि स्वतःच लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबारकडे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. ज्यांना वरचेवर रक्त चढवलं जातं त्यांच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं. लिहून दिलं असेल तर गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या. कळण्याची भाकरी खाऊन लगेच चहाचा कप तोंडाला लावायचा आणि त्याच घोटाबरोबर गोळी गिळायची, हे नको. चहा लोह शोषू देत नाही. गोळी आणि चहात दोन तासांचं अंतर ठेवा.

औषध सुरू आहे तरी त्रास लवकर येतो

प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही याच त्रासावर दिली जाणारी औषधं सुरुवातीला जादूसारखी वाटतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्रास रात्रीऐवजी दुपारीच सुरू होतो, हातांतही उतरतो. त्या वेळी मात्रा वाढवणं ही चूक, कारण वाढण्याचं कारण औषधच असतं. अलीकडे तज्ज्ञ ही औषधं पहिल्या पसंतीला ठेवत नाहीत. याच गोळ्यांनी काहींना सट्टा, मटका, ऑनलाइन रमी यांचा अनावर नाद लागतो. ज्याने आधी एक व्यसन सोडलंय त्याने हे डॉक्टरांना औषध सुरू होण्याआधीच सांगावं. घरच्यांनीही खात्यातून पैसे जातात का याकडे लक्ष ठेवावं.

गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिन आता जास्त वापरतात. ती उपयोगाची आहेत, पण दारूवर किंवा ट्रॅमाडॉलवर घेतली तर श्वास मंदावू शकतो. शेजाऱ्याची स्ट्रिप मागून आणणं इथे अंगाशी येतं.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. त्रास किती वाजता सुरू होतो, संध्याकाळी सहानंतर काय-काय पोटात जातं (चहा, चिमूट, पेग, सर्दीची गोळी, सगळं), आणि कुठलं औषध कधी सुरू झालं. पिण्याचा आकडा खरा लिहा. मात्रा त्यावर ठरते.