नेमसर्व्हर बदलताना साइट बंद पडू नये म्हणून

नवी होस्टिंग कंपनी दोन नेमसर्व्हर, म्हणजे तुमच्या साइटचा पत्ता सांगणारे सर्व्हर, पाठवते, 'डोमेनला लावून घ्या' म्हणते आणि आपण लगेच लावून मोकळे होतो. घोळ तिथेच सुरू होतो. डॉट कॉम डोमेनचे नेमसर्व्हर कोणते, ही नोंद इंटरनेट कंपन्यांच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास राहू शकते. तेवढा वेळ काही लोक जुन्या नेमसर्व्हरला पत्ता विचारतात, काही नव्याला. दोघांनी एकच उत्तर दिलं तर बदल झाल्याचं कुणाला कळतसुद्धा नाही. पुढची सगळी खटपट त्यासाठीच.

पहिलं आणि सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे रेकॉर्ड, म्हणजे साइट आणि मेल कुठे आहेत त्या नोंदी, उतरवणं. जुन्या कंपनीच्या पॅनेलमधून झोन फाइल (सगळ्या रेकॉर्डची यादी) एक्स्पोर्ट करा. ती सोय नसेल तर प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या. नवी कंपनी 'रेकॉर्ड आपोआप शोधतो' म्हणाली तरी विसंबू नका. असं स्कॅन नेहमीची नावं चाचपून पाहतं. मेल खरंच तुमच्याकडूनच आली हे पटवणाऱ्या डीकेआयएम रेकॉर्डची आडवळणी नावं त्याच्या हाती लागतीलच असं नाही. माझं एकदा तेच झालं. एका दुकानदाराची साइट ठणठणीत चालू होती, पण चार दिवसांनी त्याचा फोन आला, "बिलं पाठवतोय, पण कुणी पैसेच देईना!" बिलं ग्राहकांच्या स्पॅममध्ये पडून होती. तेव्हा एमएक्स (मेल कुठे पोचवायची ते सांगणारा) आणि टीएक्सटी (डीकेआयएमसारखा मजकूर ठेवणारा) रेकॉर्ड अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आणखी एक खोड: बरीच पॅनेलं नावापुढे डोमेन स्वतःच जोडतात. तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत की डोमेन दोनदा लागतं आणि तो रेकॉर्ड कुणालाच सापडत नाही.

मग रजिस्ट्रारकडे, म्हणजे जिथून डोमेन घेतलं त्या कंपनीकडे, डीएनएसएसईसी (नेमसर्व्हरची उत्तरं खरी आहेत हे डिजिटल सहीने तपासण्याची सोय) चालू आहे का बघा. चालू असेल तर आधी तिथला डीएस रेकॉर्ड (त्या सहीची ओळख पटवणारी नोंद) काढा आणि निदान एक दिवस थांबा, कारण डॉट कॉमसाठी तो २४ तास कॅशमध्ये राहतो. जुन्या बाजूची सही तोवर तशीच राहू द्या. ३० सप्टेंबर २०२१ ला स्लॅकसारख्या कंपनीलाही डीएनएसएसईसी मागे घेताना हा २४ तासांचा हिशेब नडला आणि कित्येकांना स्लॅक उघडेना. नव्या जागी सगळं स्थिरावलं की ते पुन्हा चालू करता येतं.

दरम्यान दोन्हीकडच्या रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे कॅशमध्ये राहण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणा. नेमसर्व्हरची कॅश याने कमी होत नाही, तो टीटीएल रजिस्ट्रीच्या, म्हणजे सगळी डॉट कॉम नावं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, हातात असतो. पण एखादा पत्ता चुकला तर दुरुस्ती पाच मिनिटांत पोचते.

साइट जिथे ठेवली आहे तो सर्व्हरही बदलायचा आहे? दोन्ही एका दिवशी करू नका. आधी फक्त नेमसर्व्हर हलवा, त्यात जुन्याच सर्व्हरचा आयपी ठेवा. आठवड्याने ए रेकॉर्ड, म्हणजे तो आयपी सांगणारी नोंद, बदला. नाहीतर निम्म्या ऑर्डरी जुन्या डेटाबेसमध्ये, निम्म्या नव्यात, आणि तुम्ही रात्रभर त्या जुळवत बसता.

बदलण्याआधी नव्या नेमसर्व्हरलाच थेट विचारा. विंडोजच्या कमांड खिडकीत nslookup -type=a लिहा, पुढे डोमेन, त्यापुढे नव्या नेमसर्व्हरचं नाव. मग a च्या जागी mx आणि txt लिहून तेच करा. ए, एमएक्स, टीएक्सटी, तिन्हींची उत्तरं जुन्याशी जुळली पाहिजेत. जुळेपर्यंत रजिस्ट्रारच्या पानाकडे फिरकू नका.

प्रत्यक्ष बदल दोन मिनिटांचा. जुनी नावं सगळी काढा, नवी सगळी टाका. दोन जुनी, दोन नवी अशी खिचडी नको. मी हे मंगळवारी सकाळी करतो. शुक्रवारी संध्याकाळी कस्टमर केअरला फोन लावून बसण्याची हौस मला नाही.

आता हात आवरा. जुनं खातं लगेच बंद केलंत तर काही कंपन्या झोनही त्याच क्षणी उडवतात आणि कॅशमध्ये अडकलेल्या लोकांना साइट दिसेनाशी होते. मी आठवडाभर दोन्ही चालू ठेवतो, आणि त्या काळात एखादा रेकॉर्ड बदललाच तर दोन्हीकडे बदलतो. ८.८.८.८ (गूगल) आणि १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर) या दोन्ही सार्वजनिक डीएनएस सर्व्हरना विचारून नवे नेमसर्व्हर दिसतात का पाहा. बाहेरच्या पत्त्यावरून स्वतःला एक मेल पाठवा, त्याला उत्तर द्या आणि ते उत्तर स्पॅममध्ये गेलं नाही ना, हे बघूनच जुन्या कंपनीला रामराम करा.