अर्धशिशीची गोळी घेताय? या चुका टाळा

माझ्या मावशीच्या पर्समध्ये गोळ्यांची तीन पाकिटं कायम असायची, तरी तिचं डोकं जवळजवळ रोज ठणकायचं. ओढणी कपाळाला करकचून बांधून ती पोळ्या लाटायची. गोळ्यांच्या अतिरेकानंच डोकं दुखतंय, हे कळायला दोन वर्षं गेली.

सगळ्यात घातक चूक हीच. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान, अर्गोटामाइन ही खास अर्धशिशीवरची औषधं आणि एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, की औषधच दुखणं टिकवून धरू शकतं. मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेली ‘मायग्रेनची गोळी’ अशीच मिश्र असू शकते. पाकिटामागचे घटक वाचाच. गोळ्या किती घेतल्या यापेक्षा किती दिवस घेतल्या ते मोजा. मावशीनं कालनिर्णयावर लाल फुल्या मारल्या, तेव्हा एका महिन्यात २२ भरल्या! अशा गोळ्या थांबवल्यावर सुरुवातीला दुखणं वाढतं, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

दुसरी चूक म्हणजे सोसत बसणं. अर्धशिशी उठली की पोटाची हालचाल मंदावते, उशिरा घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही. दुखायला लागताच पूर्ण मात्रा घ्या, अर्धी तोडून नको. मळमळत असेल तर सोबत उलटीचं औषध लागेल का, ते आधीच विचारून ठेवा. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येत असतील, तर ट्रिप्टान त्या वेळी नाही, डोकं दुखू लागल्यावर घ्यायचं. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांनी ते घेऊ नये. अर्गोटामाइन घेतल्यावर २४ तास ट्रिप्टान नको.

दुखणं उठूच नये म्हणून दिलेलं प्रतिबंधक औषध, म्हणजे प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट किंवा फ्लुनारिझिन, लोक पंधरा दिवसांत सोडतात याचं मला फार वाईट वाटतं. दुखो न दुखो, ते ठरल्याप्रमाणे घ्यावं लागतं आणि गुण दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. मात्र दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉलआधी डॉक्टरांना सांगा, मूल हवं असेल तर टोपिरामेटआधी.

आणि डोकं क्षणात असह्य दुखलं, तापासोबत मान ताठरली, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले, तर गोळी शोधू नका. थेट दवाखाना गाठा.