वॉटर-कूल्ड डेस्कटॉपवर लिनक्स घालण्यापूर्वीची तयारी

बॅकअप आणि इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह यांवर लिहिण्यासारखे काही नाही. पंप आणि पंखे सांभाळणारे कूलर कंपन्यांचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजपुरतेच असते, त्यामुळे कूलरचे फर्मवेअर अद्ययावत करायचे असल्यास ते विंडोज पुसण्याआधीच उरकावे. आपले मॉडेल लिक्विडसीटीएलच्या, म्हणजे लिनक्सवर असे कूलर सांभाळणाऱ्या मुक्त प्रोग्रामच्या, यादीत आहे का, हेही तेव्हाच पाहावे. कूलरची यूएसबी वायर मदरबोर्डच्या हेडरमध्ये (वायर जोडण्याच्या पिनांमध्ये) बसलेली असावी. सगळे हेडर अडलेले असतील तर अंतर्गत यूएसबी हबसाठी पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, विचारावे.

आता मुख्य गोष्ट, जी मागच्या वेळी माझ्याकडून राहिली होती. लिक्विडसीटीएलने दिलेला पंपाचा व पंख्यांचा वेग बहुतेक कूलर वीज असेपर्यंतच लक्षात ठेवतात, म्हणून यंत्र सुरू होताच कूलर इनिशियलाइझ (वापरास सज्ज) करून तोच वेग पुन्हा देणारी सिस्टिमडी सर्व्हिस (लिनक्स आपोआप चालवते ते काम) लिहिलीच पाहिजे, आणि ती नुसती लिहून न थांबता इनेबलही, म्हणजे दर वेळी आपोआप चालेल अशी, केली पाहिजे. ती चालते की नाही हे रीस्टार्ट करून कळत नाही, कारण रीस्टार्टमध्ये कूलरची वीज तुटतेच असे नाही आणि जुनी सेटिंग तशीच टिकून सारे आलबेल असल्याचा भास होतो. यंत्र बंद करून भिंतीवरचे बटण बंद करावे, थोडे थांबावे आणि मगच तपासावे. पुण्यात वळिवाच्या पहिल्या सरीबरोबर वीज जाते, वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे अशी बायोसमध्ये सोय केलेली असते, आणि आपण ऑफिसात असताना ते घरी मूळ सेटिंगवर तापत बसते. पुन्हा सांगतो, भिंतीवरचे बटण बंद करून तपासा.

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या नव्हे, तर कूलरमधल्या द्रवाच्या तापमानावर बांधावा. प्रोसेसरचा आकडा क्षणात उसळतो आणि पंखे उगाच वरखाली होत राहतात. द्रव खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही, त्यामुळे थंड देशातल्या कोणाची तयार सेटिंग एप्रिल-मेमधल्या पुण्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, निरुपयोगी ठरते. पंखे दिवसभर कमाल वेगाने घोंघावत राहतात. फॅनकंट्रोल (तापमानानुसार पंखे चालवणारी लिनक्सवरची स्क्रिप्ट) वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की एचडब्ल्यूमॉनचे, म्हणजे लिनक्स प्रत्येक सेन्सर-चिपला देते ते, क्रमांक बूटनिहाय बदलू शकतात. नुसत्या क्रमांकावर विसंबू नये.

पंप मदरबोर्डच्या हेडरवर चालत असेल, तर त्या हेडरचा वेग बायोसमध्ये पूर्ण ठेवावा. रेडिएटर पुढे बसवला असल्यास त्याचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा. भार-चाचणी किमान अर्धा तास चालवावी, कारण द्रव सावकाश तापतो. सस्पेंडमधून उठल्यावरही तीच सर्व्हिस पुन्हा चालायला हवी. दिव्यांसाठी ओपनआरजीबी आहे; ते सवडीने.