मानकुराद आंब्याच्या मुळाशी पॅक्लोब्युट्राझॉल ओतण्याआधी

आषाढ सरत आला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत बागायतदारांची एकच विचारणा सुरू होते: आंब्याला ‘कल्टार’, म्हणजे मोहोर आणण्यासाठीचे पॅक्लोब्युट्राझॉल हे औषध, कधी द्यायचे? वेळ हीच, 15 जुलै ते 15 ऑगस्ट. पण बाटली उघडण्याआधी ते झाडात जाऊन काय करते, हे समजून घ्या. एखाद्या वर्षी खत कमी-जास्त झाले तर झाड सांभाळून घेते, इथे मात्र चूक दोन-तीन हंगाम दिसत राहते.

झाडाची वाढ संप्रेरकांच्या इशाऱ्यावर चालते, आणि त्यातले आंब्यासाठी महत्त्वाचे ते जिबरेलिन. भाताच्या शेतात एखादे रोप इतरांहून भराभर उंच, बारीक, फिकट होते आणि दाणा न भरताच मरते. जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी 1926 साली दाखवून दिले की एका बुरशीच्या स्रावामुळे असे घडते. त्या स्रावातूनच पुढे जिबरेलिन वेगळे काढले गेले. झाडे ते स्वतःही तयार करतात. आंब्यात ते वाढले की फांदी पालवी काढत राहते आणि मोहोर मागे पडतो. पॅक्लोब्युट्राझॉल जिबरेलिन तयार होणेच रोखते. मग पावसाळ्यानंतरची पालवी आवरते, काडी जून होते आणि थंडी पडली की मोहोर फुटतो.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची हापूससाठी शिफारस आहे: झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला 0.75 ग्रॅम मूळ घटक, म्हणजे नेहमीचे 25 टक्के तीव्रतेचे 3 मिलि द्रावण. बाटलीवरची तीव्रता वाचूनच माप घ्या. विस्तार आडवा आणि उभा मोजा, सरासरी काढा. 6 मीटर भरला तर 18 मिलि. हे 3 ते 6 लिटर पाण्यात मिसळा. बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोल आखून त्यावर पहारीने 10 ते 12 सेंटीमीटर खोल 25-30 भोके पाडा, सगळ्यांत सारखे ओता, माती लोटा. आधी गवत काढा. मुसळधार पावसात किंवा आळ्यात पाणी तुंबलेले असताना देऊ नका, उघडीप बघा.

मानकुराद एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी रुसतो, म्हणून मोह होणारच. तरीही पहिल्या वर्षी दोनच झाडांवर करून बघा. दहा वर्षांखालचे, खोडकिड्याने पोखरलेले किंवा अशक्त झाड सोडा. जास्त मात्रेने मोहोर आखूड होऊन गुच्छासारखा गोळा होतो. औषध मातीत बराच काळ राहते, तेव्हा दरवर्षी डोळे मिटून तेवढेच ओतू नका. आणि ज्या झाडाला खत-शेणखत घालायची तयारी नाही त्याला हे मुळीच देऊ नका. फळांचा भार वाढला की उपाशी झाड खचते.

आपल्याकडची एक खास अडचण सांगतो. आंब्यावर मिरवेल चढवलेली असते, खाली हळद, अननस असतात. त्यांची मुळे त्याच मातीत पसरलेली, आणि जिबरेलिन त्यांनाही लागते. अशा मिश्र भाटात (बागेत), कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला किंवा विहिरीजवळ हे औषध टाळलेलेच बरे, असे माझे ठाम मत आहे.

याच दिवसांत काजूची नवी कलमेही बघा. जोडाखालून निघालेले फुटवे लगेच खुडा. ते वाढले की वरची कलमकाडी मागे पडते.

परसातल्या टोमॅटोची पाने पावसात खाली झुकली तर युरिया टाकू नका. मुळे पाण्यात गुदमरली की झाडात इथिलीन हे संप्रेरक वाढते आणि देठ खाली वाकतात. आधी चर काढून पाणी वाहू द्या, रोपांना मातीची भर द्या.

औषध दिलेल्या आंब्याच्या बुंध्याला रंगाची खूण करा. तारीख आणि मात्रा वहीत लिहून ठेवा, पुढच्या जुलैत माप ठरवताना ती वही काढा.